निवडुंगाला कोणती माती?

विद्यार्थी मित्रांनो, बीड शहरातून बाहेर पडून बालाघाटच्या डोंगराकडे जाणाऱ्या कोणत्याही रस्त्याने जा. शेताच्या बांधावर, ओसाड माळावर, पडक्या भिंतीच्या कडेला तुम्हांला निवडुंग दिसेल. त्याला कोणी पाणी घालत नाही, कोणी खत घालत नाही. मे महिन्यात ऊन 40 अंशांच्या वर जाते, विहिरी आटतात, गवत वाळून जाते. पण निवडुंग हिरवाच राहतो. उर्दूत आपण ज्याला 'नागफनी' म्हणतो, तोच हा मराठीतला फड्या निवडुंग.

आता दुसरे चित्र पाहा. कोणी हौसेने रोपवाटिकेतून निवडुंगाचे लहानसे रोप विकत आणतो. ते सुंदर कुंडीत लावतो. शेतातली उत्तम काळी माती आणून कुंडी भरतो. रोज सकाळी न चुकता पाणी घालतो. काही दिवस रोप टवटवीत दिसते. मग पावसाळा येतो. रोप बुडाशी मऊ पडते, पिवळे होते आणि एके दिवशी आडवे होते.

माळावर उपाशीतापाशी जगणारे झाड घरात खाऊनपिऊन का मरते? या प्रश्नाचे अर्धे उत्तर पाण्यात आहे आणि अर्धे मातीत. म्हणून कुंडीतील निवडुंगासाठी माती कशी निवडावी आणि कशी तयार करावी, हे आज आपण समजून घेऊ.

हा पाठ वाचताना शब्दांकडेही लक्ष ठेवा. उर्दूतल्या 'गमल्या'ला मराठीत 'कुंडी' म्हणतात आणि 'रेती'ला 'वाळू'. काही शब्द मात्र फसवे आहेत. उर्दूत 'ख़त' म्हणजे पत्र. मराठीत 'खत' म्हणजे झाडाला घालतात ती 'खाद'. उर्दूत जिला 'जड़' म्हणतात, तिला मराठीत 'मूळ' म्हणतात. मराठीतला 'जड' म्हणजे उर्दूतला 'भारी'. हा फरक ध्यानात ठेवला म्हणजे पुढे गोंधळ होणार नाही.

प्रथम या झाडांची ओळख करून घेऊ. काटेरी आणि जाड खोडाच्या अनेक झाडांना आपण सरसकट निवडुंग म्हणतो. खरे पाहता त्यांची कुळे वेगवेगळी आहेत. फड्या निवडुंग आणि रोपवाटिकेत मिळणारे चेंडूसारखे गोल निवडुंग हे मूळचे अमेरिका खंडातले. शेताच्या कुंपणाला लावतात तो शेर आणि तीन धारांचा निवडुंग हे मात्र एरंडाच्या कुळातले. शेराची फांदी मोडली की पांढरा चीक गळतो. फड्या निवडुंगाचे तसे नाही. हा चीक डोळ्यांत गेला तर मोठी इजा होते, म्हणून गंमत म्हणून फांद्या मोडू नका. कोरफड, म्हणजे आपली घीकुंवार, ही अरबस्तानातली. युनानी आणि आयुर्वेद या दोन्ही वैद्यकांत तिला मान आहे. पानफुटी ही मादागास्कर बेटावरची. तिचे पान नुसते ओलसर मातीवर ठेवले तरी त्याच्या कडेला नवी रोपे फुटतात.

या झाडांची कुळे वेगळी, देश वेगळे. पण एक गुण सर्वांत सारखा आहे. ती आपल्या खोडात किंवा पानांत पाणी साठवून ठेवतात. अशा झाडांना मांसल वनस्पती म्हणतात. बहुतेक झाडे दिवसा आपल्या पानांवरची बारीक छिद्रे उघडून हवा घेतात. त्या वेळी त्यांच्यातले बरेच पाणी वाफ होऊन उडून जाते. मांसल वनस्पतींनी याच्यावर चांगली युक्ती काढली आहे. त्यांतल्या बहुतेक वनस्पती ही छिद्रे दिवसा मिटून घेतात आणि रात्रीच्या गारव्यात उघडतात. त्यामुळे थोड्या पाण्यावर त्यांचे बरेच दिवस भागते.

ज्याच्या घरात पाण्याचा साठा भरलेला आहे, त्याच्या दारात रोज पाण्याची घागर नेऊन ओतली तर काय होईल? अंगणात चिखल होईल. निवडुंगाचे तसेच होते. मुळांना पाणी लागते, तशी हवाही लागते. मातीच्या कणांमध्ये लहान लहान पोकळ्या असतात. त्यांत हवा खेळत असते. या पोकळ्या दिवसेंदिवस पाण्याने भरून राहिल्या तर मुळे गुदमरतात. दुबळ्या झालेल्या मुळांवर बुरशीसारखे सूक्ष्म जीव हल्ला करतात. मुळे कुजतात आणि ही कूज हळूहळू खोडात चढते.

येथे एक मोठी फसगत होते. ज्याची मुळे कुजली आहेत, ते झाड जमिनीतले पाणी शोषू शकत नाही. म्हणून ते सुरकुतलेले दिसते. माणसाला वाटते की झाड तहानलेले आहे, आणि तो आणखी पाणी घालतो. आजारी माणसाला ज्या वस्तूने आजार आला तीच पुन्हा द्यावी, तसा हा प्रकार होतो. म्हणून निवडुंग सुरकुतला तर आधी पाण्याचा तांब्या उचलू नका. झाडूची एक कोरडी काडी कुंडीत खोलवर खुपसा आणि थोड्या वेळाने बाहेर काढा. काडी ओलसर असेल, तिला माती चिकटली असेल, तर झाडाला तहान नाही. त्याची मुळे संकटात आहेत.

निवडुंगाला कोणती माती आवडते हे जाणायचे असेल, तर त्याने स्वतः निवडलेली जागा पाहावी. आपल्या महाराष्ट्रात एक दुर्मीळ मांसल वनस्पती आहे. तिला शिंदळ माकुडी म्हणतात. तिचे शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. मुंबई इलाख्याचे एक गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून ते ठेवले गेले. जुन्नरजवळच्या शिवनेरी किल्ल्यावर ती आढळते, म्हणून तिला शिवसुमन असेही म्हणतात. ती वाढते कोठे? काळ्या कसदार शेतात नव्हे, तर उभ्या कड्यावर, खडकाच्या भेगांत. तेथे मूठभर माती आणि खडकाचा चुरा असतो. पाऊस पडतो तेव्हा मुळे भिजतात आणि उरलेले पाणी लगेच खाली वाहून जाते. कुंडीत आपल्याला हीच गोष्ट साधायची आहे: पाणी यावे, मुळांना भेटावे आणि निघून जावे.

आता मातीकडे वळू. माती लहानमोठ्या कणांची बनलेली असते. वाळूचे कण सर्वांत मोठे, 2 मिलिमीटरपर्यंत. गाळाचे कण त्यांहून बारीक. चिकणमातीचे कण तर इतके सूक्ष्म की ते 0.002 मिलिमीटरपेक्षाही लहान असतात. कणांच्या आकाराने काय फरक पडतो, हे स्वयंपाकघरात कळते. एका चाळणीत हरभरे, दुसरीत रवा आणि तिसरीत मैदा घेतला आहे अशी कल्पना करा. तिन्हींवर पेलाभर पाणी ओतले तर हरभऱ्यांतून ते झटकन निघून जाईल. रव्यात ते मुरेल आणि थोडे थोडे ठिबकेल. मैद्याचा मात्र लगदा होईल आणि पाणी वरच तुंबेल. मोठ्या कणांमध्ये मोठ्या पोकळ्या असतात, सूक्ष्म कणांमध्ये सूक्ष्म. सूक्ष्म पोकळीतले पाणी सहज सुटत नाही.

आपल्या जिल्ह्याची काळी माती ही या मैद्यासारखी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर ज्वालामुखीचा लाव्हा पसरला. तो थंड होऊन काळा कातळ झाला. हा कातळ झिजून झिजून ही माती तयार झाली. तिच्यात चिकणमातीचे कण भरपूर असतात. ती ओलावा धरून ठेवते, म्हणून पाऊस संपल्यावरही शेतातली रब्बीची ज्वारी त्या ओलाव्यावर वाढते. कापसाला ती मानवते. शेतकरी तिला 'काळी आई' म्हणतो, ते उगीच नाही.

परंतु शेत आणि कुंडी यांत फरक आहे. शेतात माती खोल असते, पाणी खाली खाली जाऊ शकते. कुंडी म्हणजे वीतभर जागा. तेथे काळी माती भिजली की फुगते, तिच्या पोकळ्या बुजतात आणि ती अनेक दिवस ओलीच राहते. वाळली की ती आक्रसते. उन्हाळ्यात रानाला भेगा पडलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. कुंडीतही तसेच होते. माती आक्रसून कुंडीच्या काठापासून सुटते आणि कडेने फट पडते. मग वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खालच्या छिद्राकडे धावते. आपण समजतो की झाडाला पाणी मिळाले. पण मधली माती कोरडीच असते. म्हणजे कुंडीतली नुसती काळी माती दोन्ही वेळा दगा देते. ओली असताना ती पाणी सोडत नाही आणि वाळल्यावर ती पाणी लवकर घेत नाही.

मग पांढरी माती कशी? तीही नको. मराठवाड्यातली जुनी माळवदाची घरे तुम्ही पाहिली असतील. लाकडी छतावर पांढऱ्या मातीचा जाड थर देतात. ही माती दाबून बसते आणि पावसाचे पाणी घरात उतरू देत नाही. जी माती छतावर पाणी अडवते, ती कुंडीतही पाणी अडवणारच. छतावरचा तिचा गुण हा कुंडीत दोष ठरतो.

मग आपल्या भागातले कोणते द्रव्य निवडुंगाला मानवेल? ते आपल्या पायांखालीच आहे. बालाघाटच्या उतारावर, रस्त्याच्या कामावर, विहिरीच्या खोदकामाजवळ पिवळसर किंवा तांबूस रंगाचा ठिसूळ मुरूम असतो. तोही त्याच काळ्या कातळाची झीज होऊन बनलेला असतो; पण अजून त्याची माती झालेली नसते. त्याचे खडे आत सच्छिद्र असतात. ते थोडे पाणी पितात आणि बाकीचे वाट करून देतात. माळावरचा निवडुंग याच मुरमात मुळे रोवून उभा असतो.

मुरूम तसाच कुंडीत भरू नये. तो गहू चाळायच्या जुन्या चाळणीने चाळावा. चाळणी घेण्यापूर्वी अम्मीला विचारा, कारण ती पुन्हा धान्यासाठी वापरता येणार नाही. खाली पडलेली भुकटी टाकून द्यावी. चाळणीत उरलेल्या खड्यांतून बाजरीच्या दाण्याहून लहान नको आणि हरभऱ्याच्या दाण्याहून मोठा नको, असे खडे निवडून घ्यावेत. ते एकदा धुऊन वाळवावेत.

मुरूम मिळाला नाही तर पक्क्या भाजलेल्या विटांचे तुकडे फोडून त्याच मापाचे खडे करता येतात. वीट पक्की असावी. कच्च्या विटेचा चुरा भिजला की पुन्हा चिखलच होतो.

दुसरे द्रव्य म्हणजे जाड वाळू. बांधकामावर उरलेली ओंजळभर वाळू मालकाला विचारून घेता येते. नदीच्या पात्रातून वाळू उपसण्यास शासनाची परवानगी लागते. बिंदुसरा असो, सिंदफणा असो की गोदावरी, नदीची वाळू पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याचे काम करते. कुंडीसाठी ती खणून आणू नये. वाळू नसेल तर खडी केंद्रावरची कच चाळून, धुऊन वापरावी. सिमेंट लागलेली वाळू मात्र घेऊ नये. कोकणात किंवा मुंबईला नातेवाईक असतील तर तेथून समुद्राची वाळूही आणू नये. तिच्यात मीठ असते.

तिसरे द्रव्य म्हणजे खत. निवडुंगाला थोडेसेच खत लागते, पण ते पुरते कुजलेले हवे. ताजे शेण घातले तर ते कुजताना कुंडी तापते आणि मुळे जळतात. एक वर्ष मुरलेले शेणखत किंवा कुजलेल्या पालापाचोळ्याचे खत घ्यावे. चांगले खत हातात घेतले तर भुसभुशीत लागते आणि त्याला पहिल्या पावसासारखा मातीचा वास येतो. चुलीची राख घालू नये. ती फार बारीक असते आणि आपल्या भागात आधीच चुनखडीचे प्रमाण जास्त असलेल्या मातीत ती क्षार वाढवते.

आता मिश्रणाचे प्रमाण पाहू. कोणतीही एक वाटी माप म्हणून घ्या. काटेरी निवडुंगासाठी चाळलेला मुरूम 2 वाट्या, जाड वाळू 1 वाटी आणि कुजलेले खत 1 वाटी. म्हणजे चार वाट्यांत तीन वाट्या खडे-वाळू आणि एक वाटी खत झाले. कोरफड, पानफुटी अशा पानांच्या मांसल झाडांना थोडा अधिक ओलावा चालतो. त्यांच्यासाठी मुरूम, वाळू, बागेतली भुसभुशीत माती आणि खत ही चारही द्रव्ये एक एक वाटी घ्यावीत. दोन्ही मिश्रणांत चमचाभर निंबोळी पेंड घातली तरी चालते.

रोपवाटिकेत नारळाच्या काथ्याचा भुसा मिळतो. तो हलका असतो, पण फार पाणी धरून ठेवतो. विकत आणलेले रोप बहुधा अशाच भुशात लावलेले असते. पावसाळ्याआधी ते बाहेर काढून आपल्या मिश्रणात लावणे चांगले.

प्रत्येक नियमाला अपवाद असतो. पुष्कळ घरांत रात्री फुलणारे पांढरे शुभ्र 'ब्रह्मकमळ' असते. ते हिमालयातले खरे ब्रह्मकमळ नव्हे. ते निवडुंगाच्याच कुळातले आहे. पण ते मध्य अमेरिकेतल्या दाट जंगलांत मोठ्या झाडांच्या फांद्यांवर, कुजलेल्या पाचोळ्यात वाढते. त्याला वाळवंटातल्या भावंडांची माती देऊ नये. त्याच्या मिश्रणात निम्मे पालापाचोळ्याचे खत असावे आणि निम्मे खडे. नाव किंवा कूळ पाहून माती ठरवू नये. झाड मूळचे कोठे राहते हे पाहून ठरवावी.

कुंडी भरताना बरेच लोक तळाशी दगडगोट्यांचा जाड थर देतात. त्यामुळे पाणी लवकर निघून जाते, असा समज आहे. तो बरोबर नाही. बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत लगेच उतरत नाही. वरची माती तळाशी पुरती ओलीचिंब झाल्याशिवाय ते खाली ठिबकत नाही. म्हणजे थर दिल्याने ओलावा कमी होत नाही, तर तो मुळांच्या आणखी जवळ येतो आणि मुळांची जागा मात्र घटते.

हे तुम्हांला स्पंजाच्या तुकड्याने पडताळून पाहता येईल. एक लांबट स्पंज पाण्यात भिजवा आणि तळहातावर आडवा धरा. ठिबकणे थांबेपर्यंत थांबा. आता तोच स्पंज न दाबता उभा धरा. पुन्हा पाणी ठिबकू लागेल. स्पंज तोच, पाणी तेच. फक्त उंची वाढली. यावरून कळते की तळाशी थोडे पाणी नेहमी अडकून राहते, आणि कुंडी उथळ असेल तर ते मुळांना अधिक जवळ असते. म्हणून दगडांचा थर देऊ नका. छिद्रावर फुटक्या मडक्याची एक खापरी पालथी ठेवा म्हणजे माती वाहून जाणार नाही. बाकी सारी कुंडी एकाच मिश्रणाने भरा.

मिश्रण बरोबर झाले की नाही, हे ओळखण्याच्या दोन सोप्या परीक्षा आहेत. पहिली मुठीची. मिश्रण थोडे ओले करून मुठीत दाबा आणि मूठ उघडा. बोटाने हलकेच टोचताच ते विस्कटले तर ठीक. त्याचा लाडूसारखा गोळा तसाच राहिला तर चिकणमाती जास्त आहे. आणखी खडे मिसळा. दुसरी परीक्षा पाण्याची. कुंडी मिश्रणाने भरून एकदा चांगली भिजवा. मग पेलाभर पाणी ओता. पाणी वर न तुंबता लगेच आत शिरले आणि थोड्याच वेळात खालून निघू लागले, तर मिश्रण चांगले. वर तळे साचून राहिले, तर कुंडी रिकामी करून मिश्रण पुन्हा करा. झाड लावल्यावर पस्तावण्यापेक्षा हे बरे.

कुंडी कुंभाराकडची साधी मातीची असेल तर उत्तम. तिच्या अंगातूनही पाणी वाफ होऊन जाते. प्लॅस्टिकच्या कुंडीत ओल जास्त दिवस टिकते, म्हणून तिच्यात पाणी आणखी बेताने घालावे. कुंडी कोणतीही असो, तिला तळाशी छिद्र हवेच. कुंडी रोपापेक्षा दोन-तीन सेंटिमीटरच मोठी असावी. मोठ्या कुंडीतली जास्तीची माती उगीच ओली राहते.

रोप काढताना वर्तमानपत्राची जाड घडी करून तिच्यात निवडुंग धरा म्हणजे काटे टोचणार नाहीत. जुनी चिकट माती मुळांवरून हळूच झाडून टाका. कुजलेली, काळी पडलेली मुळे स्वच्छ कात्रीने कापा. रोप कोरड्या मिश्रणात लावा आणि आठवडाभर पाणी घालू नका. तेवढ्या दिवसांत मुळांच्या जखमा भरून येतात. बुडाशी कुजलेले रोपही पुष्कळदा वाचते. मोठ्या माणसाच्या मदतीने निरोगी हिरवा भाग कापून घ्या. तो आठ-दहा दिवस सावलीत वाळू द्या आणि मग कोरड्या मिश्रणावर ठेवा. काही आठवड्यांनी त्याला नवी मुळे फुटतात.

त्यानंतर पाणी घालण्याचा नियम सोपा आहे: घालाल तेव्हा भरपूर घाला, आणि माती पूर्ण वाळेपर्यंत पुन्हा घालू नका. रोज थोडे थोडे पाणी शिंपडणे वाईट. आपल्याकडे पाऊस बहुतेक जून ते सप्टेंबर याच महिन्यांत पडतो. त्या दिवसांत कुंड्या वळचणीखाली, पण उजेडात ठेवाव्यात. विंधन विहिरीचे पाणी जड असेल तर मातीवर पांढरा थर जमतो. अशा वेळी साठवलेले पावसाचे पाणी द्यावे. दर दोन वर्षांनी मिश्रण बदलावे, कारण खत कुजत जाऊन त्याची भुकटी होते आणि पोकळ्या बुजतात.

बीडची प्रसिद्ध खजाना विहीर तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. निजामशाहीच्या काळात, 16व्या शतकात, सलाबतखानाने ती बांधली. या विहिरीचे पाणी जमिनीखालच्या वाटेने शेतांकडे वाहत जाते. बांधणाऱ्याने पाणी कोठून येईल याचा विचार केला, तसाच ते कोठून जाईल याचाही केला. आपली कुंडी विहिरीपुढे फारच लहान; पण तिच्यासाठीही हाच विचार करावा लागतो.

मुलांनो, कोणी तुम्हांला विचारले की सर्वांत चांगली माती कोणती, तर लगेच उत्तर देऊ नका. 'कोणासाठी?' असे आधी विचारा. कापसाची चांगली माती निवडुंगाला मारते आणि निवडुंगाच्या मुरमात कापूस उपाशी राहतो. जी काळजी समोरच्याची गरज ओळखून घेतली जाते, तीच त्याच्या उपयोगी पडते. कुंडीत रोप लावण्यापूर्वी ते कोठून आले, तेथे किती पाऊस पडतो आणि त्याची मुळे कशात वाढतात, एवढे जाणून घ्या. मग चाळणी हातात घ्या.

शब्दार्थ
माळ – ओसाड, उघडे मैदान
कूळ – घराणे, खानदान
चीक – झाडातून येणारा पांढरा रस
सच्छिद्र – बारीक छिद्रे असलेला
आक्रसणे – आकसून लहान होणे
दगा देणे – ऐन वेळी फसवणे
माळवद – मातीचे सपाट छत
वळचण – छपराच्या कडेखालची जागा
विंधन विहीर – बोअरवेल

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मांसल वनस्पती कोणत्या वनस्पतींना म्हणतात?
(आ) शिंदळ माकुडी कोठे वाढते?
(इ) कच्च्या विटेचा चुरा का वापरू नये?

2. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कुंडीतली काळी माती दोन्ही वेळा दगा देते, असे का म्हटले आहे?
(आ) मुळे कुजलेले झाड तहानलेले का वाटते? खरे कारण कसे ओळखाल?
(इ) कुंडीच्या तळाशी दगडांचा थर देणे योग्य का नाही?

3. पुढील शब्दांचा मराठीतील आणि उर्दूतील अर्थ सांगा व मराठी वाक्यांत उपयोग करा: खत, जड.

4. 'चांगली माती कोणती?' या प्रश्नावर लेखकाचे उत्तर तुम्हांला पटते का? तुमचे मत लिहा.

5. उपक्रम: एकाच आकाराच्या दोन कुंड्या घ्या. एकीत शेतातली काळी माती आणि दुसरीत पाठातील मिश्रण भरा. दोन्हींत एकाच वेळी एक एक पेला पाणी घाला. रोज काडीने ओलावा तपासा आणि कोणती कुंडी किती दिवसांत वाळली, याची नोंद मराठीत करा.